चांदण्या मोजा, सर

सुलभाताईंच्या पलंगावर आडवं टेबल होतं, टेबलावर लॅपटॉप होता आणि लॅपटॉपवर काहीही नव्हतं.

"काल दुपारपर्यंत दिसत होतं की," त्या म्हणाल्या. "जेवले, गोळी घेतली, पडले. संध्याकाळी उघडलं तर हे असं. मग वाट बघितली, आपोआप येईल म्हणून."

आपोआप काही येत नाही, हे मी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना सांगते आणि एकालाही पटत नाही. दसऱ्याची सकाळ होती. घरी तोरण अर्धं बांधून, झेंडूची टोपली सासूबाईंच्या पुढ्यात सरकवून मी आले होते आणि त्या जे बोलल्या ते ऐकायला थांबले नव्हते. सोलापुरात विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारी मशीनं बघणारी तेव्हा माझ्या माहितीत मी एकटीच होते. त्यामुळे माझं नाव लोकांना सणासुदीलाच आठवायचं, कारण इतर दिवशी ते आधी भाच्याला विचारत.

सुलभाताई म्हणजे डॉ. सुलभा म्हमाणे. ज्वारीची नवी वाणं तयार करणं हे त्यांचं काम. त्यांचं संशोधन केंद्र सोलापूरहून एसटीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, एका माळावर होतं. गौरी-गणपतीच्या सुमारास स्कूटरवरून पडून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली, आणि डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत पाय जमिनीला टेकवायचा नाही असं बजावून त्यांना सोलापूरला आईकडे पाठवलं. मशीन मात्र केंद्रातच राहिलं. आकडेमोडीचं जे सॉफ्टवेअर त्या वापरत त्याचा परवाना त्या एका मशीनला खिळवलेला होता, दुसरीकडे ते उघडतच नसे. म्हणून मी सोय करून दिली होती. तिथल्या मशीनचा पडदा इथे दिसायचा, इथे माउस हलवला की तिथला बाण हलायचा. महिनाभर बाई पलंगावर पडून माळावरचं काम करत होत्या आणि मला त्या सोयीचा बराच अभिमान होता.

नव्या वाणाला अजून नाव नव्हतं. वाफ्याच्या नंबरावरून सगळे त्याला 'बावन्न' म्हणत. सुलभाताईंची दहा-एक वर्षं त्यात गेली होती. नव्या वाणांना मान्यता देणाऱ्या समितीच्या पोर्टलवर अहवाल चढवायची मुदत दसऱ्याच्या संध्याकाळी संपत होती, पोर्टलला सणवार नसतात. अहवाल जवळजवळ पूर्ण होता, शेवटचे आलेख बसवायचे राहिले होते, आणि हे सगळं होतं त्या माळावरच्या मशीनमध्ये. संध्याकाळपर्यंत ते चढलं नाही, तर केंद्रप्रमुख डॉ. दिगंबर घुगरे आपल्याजवळचा जुना मसुदा चढवणार होते. तसं त्यांनी फोन करून आधीच सांगितलं होतं, आणि तेही काळजीनं. तुम्ही ताण घेऊ नका बाई, पाय सांभाळा, माझ्याकडे मागच्या हंगामाचं सगळं आहे. त्या मसुद्यावर नाव एकट्या घुगरे सरांचं होतं.

असं कसं, असं मी पूर्वी एकदा विचारलं होतं. पद्धत आहे, असं उत्तर मिळालं. केंद्रातून जे वाण बाहेर पडेल त्यावर पहिलं नाव प्रमुखांचं, मग वाफ्यात उन्हात उभं राहून कणसांना पिशव्या कुणीही बांधलेल्या असोत. त्याखाली आणखी कुणाचं नाव घालायचं की नाही, हे अहवाल पाठवणारा ठरवतो. आधीचं 'तेजल' नावाचं गाजलेलं वाण सरांनी पाठवलं होतं. त्यावर दुसरं नाव नव्हतंच. शेवटच्या पानावर आभारात सुलभाताई होत्या, ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या खाली.

या वेळी अहवाल त्या स्वतः पाठवणार होत्या. पहिलं नाव त्यांनी सरांचंच ठेवलं होतं, दुसरं आपलं. तेवढंच त्यांना हवं होतं. मला ते फार थोडं वाटायचं, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

तर, काळा पडदा. काळ्या पडद्याच्या जाती असतात. काळ्यावर बाण हलत असेल तर समोरचं मशीन जागं आहे, फक्त अजून कपडे करून बाहेर आलेलं नाही. बाणही नसेल तर बहुतेक मशीनची समजूत झालेली असते की आपल्याला मॉनिटरच नाही, मग दाखवायचं कुणाला. आणि खिडकीच उघडत नसेल तर त्यातही दोन प्रकार. लगेच 'नकार' आला तर घरात माणूस आहे, दार उघडत नाही एवढंच. पण वाट बघून बघून नुसतंच संपलं तर घरात कुणी नाही. आमचा हा शेवटचा प्रकार होता.

मी पद्धतशीर निघाले. लॅपटॉप, वायफाय, मग मधला रस्ता. सुलभाताईंच्या आई, ज्यांना गल्लीत सगळे अव्वा म्हणत, तिथेच जमिनीवर परात घेऊन बसल्या होत्या आणि पुरणपोळीची कणीक मळत होत्या. त्यांनी बंद करून चालू करायला सांगितलं, त्यांचा टीव्ही त्यानं सुधारतो. सल्ला चुकीचा नव्हता, मी तोही पाळून बघितला. मग केंद्राच्या फाटकावरच्या राउटरला हाक मारली, त्यानं ओ दिली. हवामान मोजणारं छोटं यंत्र होतं, त्यानंही ओ दिली आणि माळावरचं तापमान सांगितलं. सुलभाताईंचं मशीन तेवढं गप्प होतं.

"वीज गेली असेल," मी म्हटलं.

वीज जाणार नाही, त्याला इन्व्हर्टर आहे, वर यूपीएस आहे, आणि 'बंद करू नये' अशी लाल पाटी मी स्वतः लावलेली आहे, असं सुलभाताईंचं म्हणणं. मग शिपाई भीमाशा याला फोन लावला. तो सीमोल्लंघनाला गावी गेला होता आणि फोन बंद होता. त्याचा दुसरा नंबर शोधायला मी सुलभाताईंच्या मोबाइलवर केंद्राचा ग्रुप उघडला. 'लवकर बऱ्या व्हा'ची गुलाबाची फुलं बघून कंटाळल्यामुळे त्यांनी तो केव्हाच गप्प करून ठेवला होता.

ग्रुपवर आदल्या दिवशीच्या खंडेनवमीचे फोटो होते. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं-अवजारं धुऊन पुसून पूजेला मांडतात आणि त्या दिवशी त्यांना काम सांगत नाहीत. पहिल्या फोटोत ट्रॅक्टर होता, गळ्यात झेंडूचा हार. मग मळणीयंत्र. मग वजनकाटा, मग फवारणीचे पंप ओळीनं. आणि शेवटच्या फोटोत सुलभाताईंचं टेबल. मशीन लखलखीत पुसलेलं, त्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, मॉनिटरला हार, कीबोर्डवर नारळ, विडा आणि भरपूर अक्षता. लाल पाटीलाही कुंकू लावलं होतं. मशीनचे सगळे दिवे विझलेले होते. खाली भीमाशानं लिहिलं होतं, 'म्हमाणे मॅडमचे मशीन. महिनाभर एकटेच काम करत होते. मॅडम लवकर या.'

सुलभाताई फोटोकडे बघत राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चांगला माणूस आहे गं," त्या म्हणाल्या.

"चांगलाच आहे," मी म्हटलं. "वाइटानं बंद केलं असतं तर शिव्या तरी देता आल्या असत्या."

केंद्राचा रिवाज असा की पूजा केलेल्या यंत्राला सगळे परत येऊन आरती होईपर्यंत हात लावायचा नाही. आरती उद्या होती.

कुणीतरी जाऊन बटण दाबलं की झालं की, असं अव्वा म्हणाल्या. तेवढ्यानं होणार नव्हतं, आणि ते माझ्यामुळे होणार नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सुलभाताईंनी मला बोलावून सांगितलं होतं की माझं काम माझ्याशिवाय कुणाला उघडता येता कामा नये. का, ते सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या डिस्कला कुलूप घातलं. अशा कुलपाला एक शब्द पुरत नाही, एखादं लांब वाक्य द्या, असं मी म्हणाले. आपण कधी विसरणार नाही आणि कुणाला कधी सांगणारही नाही असं. त्यांना विचार करावा लागला नाही. मला पाठमोरं बसायला लावून त्यांनी ते तिथल्या तिथे टाइप केलं.

मशीन बंद होऊन परत सुरू झालं की सगळ्यात आधी ते वाक्य मागतं. नेटवर्क जागं होण्याच्याही आधी. म्हणजे इथून काही करता येत नाही, तिथे त्या कीबोर्डसमोर माणूस बसलेला लागतो. वाक्य नसेल तर मलाही उघडता येणार नाही, हे मी तेव्हा त्यांना छाती फुगवून सांगितलं होतं.

"म्हणजे कुणालातरी सांगावं लागणार," सुलभाताई म्हणाल्या.

"हो. कोण आहे तिथे?"

सुट्टीमुळे केंद्र रिकामं होतं. प्रयोगशाळेची किल्ली फक्त दोघांकडे असायची, भीमाशाकडे आणि आवारातच क्वार्टरमध्ये राहणाऱ्या घुगरे सरांकडे.

मग मी सुलभाताईंना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. सळई घातली तेव्हाही मी दवाखान्यात भेटायला गेले होते, तेव्हा त्या अशा दिसल्या नव्हत्या. दुसरा मार्ग विचारून झाला, नव्हता. वॉचमनला किल्ली देऊन बसवता येईल का, हे विचारून झालं. सर कुणाला किल्ली देत नाहीत, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं. मी एसटीनं जाऊन पोचेन का, तर दसऱ्याच्या गर्दीत संध्याकाळच्या आत नाही. शेवटी त्यांनी टेबल बाजूला ढकललं.

"राहू दे मग."

मला राग आला. खरंच आला. "ताई, दहा वर्षं. एकदा वाक्य सांगायचं, मशीन सुरू झालं की मी तुम्हाला लगेच बदलून देते. सरांना ते कळून कळून काय कळणार आहे?"

त्या भिंतीकडे बघत होत्या.

"सांग की," अव्वा परातीतून मान वर न काढता म्हणाल्या. "देवाचं नाव घातलं असशील. त्यात लाजायचं काय?"

"देवाचं नाही, अव्वा."

अव्वांनी कणकेला तेल लावलं. मग सुलभाताईंनी टेबल परत ओढून घेतलं, मोबाइल उचलला आणि स्वतःच नंबर लावला. आवाज मोठा करून तो लॅपटॉपशेजारी ठेवला, कारण मशीनचं बोलणं मला करावं लागणार होतं.

घुगरे सरांनी दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या, पायाची चौकशी केली, अव्वांना नमस्कार सांगितला. हा माणूस कधी कुणाला नाही म्हणायचा नाही. त्याच्याबद्दल तक्रार करायची म्हटली की इथेच अडायचं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, पूजा झालेली आहे हो, लोकांना बरं वाटणार नाही. मग थोडं थांबून म्हणाले, "बरं, जातो. नमस्कार करून हार काढतो. मला तरी जुना मसुदा पाठवायची कुठे हौस आहे."



फोन चालूच होता. कुलूप निघालं, दार करकरलं, खुर्ची सरकली. नारळ कुठे ठेवू, असं सरांनी विचारलं. खाली ठेवा, असं मी सांगितलं. बटण दाबल्याचा आवाज आला.

"काळं आहे," सर म्हणाले.

"थांबा, सर."

"हं. आली एक ओळ. कुलपाचा शब्द मागतोय."

"शब्द नाही, वाक्य आहे," मी म्हटलं. "ताई सांगतील. ते बरोबर लागलं की पुढचं आपोआप उघडतं."

सुलभाताईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी त्यांना धीर यावा म्हणून मान हलवली. आता आठवलं की मला त्या मान हलवण्याची लाज वाटत नाही, हसू येतं.

"इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्य आहे, सर," त्या म्हणाल्या. "सगळी अक्षरं छोटी."

"सांगा."

"तेजल मी केली घुगरे सरांनी चोरली."

वाफ्यांचे आकडे वाचून दाखवतात त्या सुरात त्यांनी ते सांगितलं. अव्वांचा हात कणकेवर तसाच राहिला. मी जमिनीकडे बघितलं, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. दोन वर्षं रोज सकाळी मशीनसमोर बसणारी ही बाई, आणि आत हे वाक्य. त्यातही सरांना 'सर' म्हणायचं सोडलेलं नव्हतं.

पलीकडून काही येईना. फोन कट झाला की काय म्हणून मी वाकून बघितलं. झाला नव्हता.

"शब्दांमध्ये जागा सोडायची का?" सरांनी विचारलं.

"हो, सर."

"'घुगरे' आणि 'सरांनी'मध्येसुद्धा?"

"हो."

त्यांनी स्पेलिंग विचारलं, सुलभाताईंनी शब्दाशब्दाचं सांगितलं. मग एका बोटाचं टाइपिंग ऐकू यायला लागलं, टक, टक, मध्ये बरंच थांबून.

"चुकीचं आहे म्हणतोय."

"पुन्हा घालू या, सर," सुलभाताई म्हणाल्या. आणि त्यांनी ते वाक्य पुन्हा सांगितलं. या वेळी आवाज मोकळा होता. पुन्हा टकटक झाली.

"चुकीचंच."

मला अगदी हायसं वाटलं. मशीन बिघडलं होतं, आणि बिघडलेल्या मशीनशी कसं वागायचं ते मला येतं. मी फोन जवळ ओढला.

"सर, टाइप करताना पुढ्यात काय दिसतं?"

"अक्षरं दिसत नाहीत. चांदण्या येतात."

"एका अक्षराला एक. सगळं वाक्य पुन्हा घाला, पण शेवटचं बटण दाबू नका. चांदण्या मोजा, सर."

त्यांनी घातलं आणि पुटपुटत मोजल्या. इकडे मी बोटांवर अक्षरं मोजली. त्यांची एक चांदणी कमी भरत होती. कुठलंतरी बटण दाबलं जात होतं, पण लागत नव्हतं. कीबोर्डवर पूजेच्या वेळी काय काय होतं ते मी विचारलं. नारळ होता, विडा होता, अक्षता बऱ्याच होत्या, असं सर म्हणाले. अक्षता मी झटकल्या, असंही म्हणाले.

"आता एकेक अक्षर," मी म्हटलं. "ताई सांगतील. तुम्ही दाबा, आणि चांदणी आली की 'आली' म्हणा."

हे सांगताना आपण कुणाला काय करायला लावतो आहोत ते माझ्या लक्षात आलं, पण दुसरा उपाय नव्हता.

"टी," सुलभाताई म्हणाल्या.

"आली."

"ई."

"आली."

"जे."

"आली."

तेजल झालं. मी झालं. केली झालं. सुलभाताई सरळ होऊन बसल्या होत्या, पाठीमागची उशी खाली पडली होती. अव्वा परात सोडून उठल्या आणि पलंगाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या, कणकेचे हात अंगापासून लांब धरून. सरांच्या आडनावाची अक्षरं सुरू झाली तेव्हा पलीकडचा आवाज बदलेल असं मला वाटलं होतं. बदलला नाही. जी आली, एच आली, यू आली. जणू ते हजेरीच देत होते.

"सी," सुलभाताई म्हणाल्या.

उत्तर नाही.

"सी, सर."

"दाबली. नाही आली."

"जोरात दाबा."

"दाबतोय, बाई."

"चोरलीतला सी आहे, सर," सुलभाताई म्हणाल्या. "तो लागणारच."

मी कीबोर्ड उलटा करून मागे थापट्या मारायला सांगितल्या. माळावर थापट्यांचा आवाज झाला, बराच वेळ, लहान मुलाला ठसका लागल्यावर मारतात तशा.

"तांदूळ निघाला," सर म्हणाले. "बटणाखाली होता."

उलटापालट करताना कुठली बटणं दाबली गेली कोण जाणे, म्हणून मी सगळं पुसून पहिल्यापासून घ्यायला लावलं. सुलभाताईंनी पहिल्यापासून सांगितलं. न अडखळता, एकाही अक्षराला आवाज खाली न आणता. सीला सर म्हणाले, "आली." मग उरलेली अक्षरं आली, शेवटचं बटण दाबलं गेलं, आणि पलीकडे पंखा घोंघावायला लागला.

"ओळी पळायला लागल्या," सर म्हणाले.

"पळू द्या."

मशीन सुरू व्हायला थोडा वेळ लागतो. त्या वेळात करण्यासारखं कुणालाच काही नसतं.

"म्हमाणे बाई," सर म्हणाले.

"सर."

"मला वाटायचं, तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही."

"वाटलं होतं, सर."

"बोलला नाहीत कधी."

"नाही बोलले," सुलभाताई म्हणाल्या. "तुम्ही तेजलच्या सत्काराची शाल घेऊन आलात तेव्हा मी पेढेही खाल्ले."

अव्वांनी कोपरानं डोळे पुसले. तेजल आम्ही सगळ्यांनी मिळून केली, असं लेकीनं त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी ते गल्लीत सांगितलं होतं.

लॅपटॉपवर खिडकी उघडली आणि माळावरचा पडदा सोलापुरात दिसायला लागला. मला इतका आनंद झाला की मी सुलभाताईंचा दुखरा पाय जवळजवळ थोपटला. त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी आलेख काढले, अहवालात बसवले, पानं तपासली. फोन कुणी ठेवला नव्हता. सरांनी जायला हरकत नव्हती, त्यांचं काम झालं होतं, पण खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. इथे जे दिसत होतं तेच तिथे त्यांच्यासमोर मॉनिटरवर दिसत होतं. इथे हलवलेला बाण तिथे हलत होता, आणि त्यांचा हात माउसवर गेला असता तर तिथला इथेही हलला असता.

सगळ्यात शेवटी सुलभाताई पहिल्या पानावर आल्या. वाण तयार करणारे: पहिल्या ओळीत डॉ. दिगंबर घुगरे, दुसऱ्या ओळीत डॉ. सुलभा म्हमाणे. इंग्रजीत, ठळक अक्षरांत. त्यांनी ते बहुतेक नुसतं नजरेखालून घालायचं ठरवलं होतं. बाण पहिल्या ओळीवर जाऊन थांबला.

मग त्यांनी दोन्ही ओळी पुसल्या.

पहिल्या ओळीत त्यांनी आपलं नाव टाइप केलं. दोन्ही हातांनी, भराभर. ते करत असताना बाण एकदा हलला. त्यांचे दोन्ही हात कीबोर्डवर होते, मी लांब होते. "ताई, ते सर आहेत," मी हळूच म्हटलं. तिथे माउसवर हात असलेल्या माणसाला काहीही करता आलं असतं. नाव खोडता आलं असतं, खिडकी बंद करता आली असती, आणि मशीनचं बटण तर त्यांच्या गुडघ्याशीच होतं. आम्हाला इथून नुसतं बघत बसावं लागलं असतं.

सुलभाताईंनी मान हलवली. पहिली ओळ संपवून त्या खाली आल्या आणि त्यांनी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर घेतले. दुसरी ओळ रिकामी होती आणि तिथे कर्सर लुकलुकत होता. त्यांनी काही लिहिलं नाही. आम्ही तिघी तिकडे बघत राहिलो.

बाण पुन्हा हलला नाही. थोड्या वेळानं दुसऱ्या ओळीत एक अक्षर उमटलं. मग थांबून दुसरं. एका बोटानं, बटण शोधत शोधत कुणीतरी टाइप करत होतं, मध्ये एक चुकलं तेव्हा परत येऊन त्यानं ते पुसलं आणि नीट घातलं. डॉ. दिगंबर घुगरे पुरं व्हायला बराच वेळ लागला.

"आलं का तिकडे?" फोनवर सरांनी विचारलं.

"आलं, सर," सुलभाताई म्हणाल्या, आणि त्यांनी अहवाल पाठवून दिला.